जाणत्याचें मौन

महाभारताच्या सभापर्वांत द्रौपदीच्या प्रश्नाला कोणी उत्तर देईना, तेव्हां विदुरानें प्रल्हादाची एक जुनी कथा सभेला सांगितली आहे. प्रल्हादाचा पुत्र विरोचन आणि सुधन्वा नांवाचा ब्राह्मण ह्यांच्यांत श्रेष्ठ कोण, असा वाद पडला. दोघांनींही प्राण पणास लावले आणि निवाडा प्रल्हादाकडे आला. एका बाजूस पुत्र आणि दुसऱ्या बाजूस सत्य, अशा पेंचांत सांपडलेल्या प्रल्हादानें कश्यपास विचारलें कीं, जाणत असून जो बोलत नाहीं त्याची गति काय? कश्यपाच्या उत्तरांत पापाची चक्क वांटणी आहे. निंद्य कृत्याची सभेंत निंदा झाली नाहीं, तर त्या पापाचा अर्धा भाग सभेच्या मुख्याकडे जातो, एक चतुर्थांश कर्त्याकडे जातो आणि उरलेला चतुर्थांश गप्प बसलेल्या सभासदांच्या पदरांत पडतो. विद्यार्थिदशेंत ही कथा वाचली तेव्हां ह्या हिशेबाची मला गंमत वाटली होती. करणाऱ्याला पाव आणि पाहणाऱ्यांनाही पाव, हा कोठला न्याय, असें मनांत आलें होतें. गेल्या दोन वर्षांत त्या पावाचा अर्थ मला थोडाथोडा कळूं लागला आहे. आणि तो कळावयास शेअरबाजार कारण झाला, हें सांगतांना संकोच वाटतो.

प्रथम हकीकत सांगतों. आमच्या परिसरांतील चाळीसपन्नास सुशिक्षित गृहस्थांचा मोबाइलवर एक ग्रुप होता. त्यांत निवृत्त शिक्षक होते, बँकेंतील अधिकारी होते, एकदोन डॉक्टर होते. आणि ज्यांना आमच्यांपैकीं कोणीं समक्ष पाहिलेलें नव्हतें असे बाहेरचे पांचसहा जणही होते. कोणता शेअर घ्यावा आणि कोणता सोडावा, ह्याची चर्चा तेथें चाले. एका लहान कंपनीविषयीं मोठ्या उत्साहाचे संदेश येऊं लागले, तेव्हां मींही तिचे पांचशें शेअर ६२ रुपये भावानें घेतले आणि तसें ग्रुपवर कळविलेंही. भाव चढत गेला. पुढें एका रविवारीं सहज म्हणून त्या कंपनीचा वार्षिक अहवाल मीं वाचावयास घेतला. विक्री दुप्पट झालेली होती, परंतु त्या मानानें रोख रक्कम हातीं आलेली दिसेना. जवळजवळ वर्षाच्या विक्रीएवढी येणी बाकी होती. दोन वर्षांत दोन लेखापरीक्षक सोडून गेले होते. मग मीं ग्रुपांतील जुने संदेश पुन्हां चाळले. चार निरनिराळ्या नांवांनीं आलेल्या चार संदेशांत एका शब्दाची एकच चूक होती. उत्तरपत्रिका तपासण्यांत तीस वर्षें घालविलेल्या मनुष्यास नक्कल ओळखण्याकरितां निराळी विद्या लागत नाहीं.

सोमवारीं सकाळीं मीं माझे सर्व शेअर १४० च्या आसपास विकले आणि कोणास कांहीं बोललों नाहीं.

तीन महिन्यांनीं भाव कोसळला. रोज बाजार उघडतांच शेअर लोअर सर्किटला लागे. विकणाऱ्यांची रांग असे आणि घेणारा कोणी नसे. तो ११ रुपयांवर येऊन ठेपला, त्या सुमारास आमच्या महाविद्यालयाचे निवृत्त ग्रंथपाल मला रस्त्यांत भेटले. म्हणाले, "सर, तुम्ही घेतल्याचें वाचलें, म्हणून मींही घेतले. ग्रॅच्युइटींतले तीन लाख होते." त्यांच्या बोलण्यांत तक्रार नव्हती. माझे शेअर अजून मजजवळ आहेत काय, हें त्यांनीं विचारलेंही नाहीं. मीही त्यांच्याबरोबर बुडालों असणार, असें त्यांनीं गृहीत धरलें होतें.

कायद्याच्या दृष्टीनें मीं कोणताही अपराध केला नव्हता. अहवाल सर्वांना खुला होता. कंपनीच्या आंतल्या गोटांतील बातमी मजजवळ नव्हती. आणि स्वतःचा माल विकण्याची कोणास बंदी नाहीं. मजजवळ होता तो केवळ संशय. तेव्हां प्रश्न असा आहे कीं, ज्याला लबाडीचा संशय आला आहे, परंतु जो तिच्याविषयीं शपथ घेऊं शकत नाहीं, त्यानें बोलावें कीं न बोलावें, आणि बोलावयाचें तर कोणापाशीं?

हा प्रश्न सोडविण्यापूर्वीं त्या लबाडीचें स्वरूप ध्यानांत घेतलें पाहिजे. तिची रीत फार जुनी आहे. २१ फेब्रुवारी १८१४ रोजीं पहाटे इंग्लंडांतील डोव्हर बंदरांत लष्करी पोशाखाचा एक मनुष्य अवतरला आणि नेपोलियन मारला गेल्याची वार्ता त्यानें दिली. दुपारपर्यंत लंडनच्या रस्त्यांतून फ्रेंच राजपक्षाच्या अधिकाऱ्यांचा वेष घेतलेले लोक गाडींतून विजयाचीं पत्रकें उधळीत गेले. सरकारी रोख्यांचे भाव वर गेले. आदल्या आठवड्यांत ते रोखे घेऊन ठेवणाऱ्यांनीं ते विकून टाकले. आणि संध्याकाळपर्यंत नेपोलियन जिवंत असल्याचें उघड झालें. आज वेषांतराची आणि घोडागाडीची गरज उरलेली नाहीं. एखाद्या दुर्लक्षित कंपनीचे शेअर कांहीं मंडळी अल्प भावांत गोळा करतात, आपसांतच खरेदीविक्री करून उलाढाल फुगवितात, मोठें कंत्राट मिळाल्याची अथवा मोठा उद्योगसमूह कंपनी विकत घेणार असल्याची आवई उठवितात, आणि लोक धांवत आले म्हणजे आपला माल त्यांच्या गळ्यांत बांधून निघून जातात. आपल्या बाजाराच्या बोलींत ह्याला 'ऑपरेटरनें शेअर चालविला' असें म्हणतात. मार्च २०२३ मध्यें सेबीनें साधना ब्रॉडकास्ट ह्या कंपनीच्या शेअराबाबत जो हंगामी आदेश काढला, त्यांत यूट्यूबवरील खोट्या बातम्यांच्या चित्रफिती, त्यांमागोमाग चढलेला भाव आणि त्या चढत्या भावांत झालेली विक्री, अशीच परंपरा वर्णिलेली आहे.

ह्या रीतींत एक गोष्ट विशेष आहे. सामान्य चोरास अंधार आणि एकांत लागतो. ह्या चोरीला मात्र भरदिवसां गर्दी लागते, आणि तीही सभ्य माणसांची. मुंबईनें हा अनुभव दीडशें वर्षांपूर्वींच घेतला आहे. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें १८६१ पासून कापसाचा पैसा मुंबईंत लोटला, बॅकबे रेक्लमेशनच्या पांच हजारांच्या शेअराचा भाव पन्नास हजारांच्या घरांत गेला, आणि १८६५ मध्यें युद्ध संपतांच सारा डोलारा खालीं आला. तो सगळाच प्रकार कपटाचा होता असें नाहीं. पुष्कळसा भ्रमाचा होता. परंतु भ्रम आणि कपट ह्या दोहोंनाही एकच खतपाणी लागतें. शेजारचा शहाणा मनुष्य घेत आहे आणि दुसरा शहाणा मनुष्य कांहीं बोलत नाहीं, एवढ्यावर तिसरा आपली पुंजी काढतो. माझें नांव त्या ग्रुपांत खरेदीदार म्हणून नोंदलेलें होतें. मीं विकल्यानंतरही तें तसेंच राहिलें, आणि माझ्या वतीनें ग्वाही देत राहिलें.

आतां न बोलण्याच्या बाजूनें जें म्हटलें जातें तें पाहूं. पहिला आक्षेप असा कीं, लोभी मनुष्य लोभानें बुडतो. त्याला वांचविण्याचा मक्ता माझ्याकडे कोणीं दिला? हा आक्षेप मीं स्वतःशीं पुष्कळदां घोळविला आहे, आणि दर वेळीं एकाच ठिकाणीं अडखळलों आहें. ग्रंथपालांचा लोभ माझ्या लोभाहून मोठा नव्हता. फरक इतकाच कीं, ताळेबंद वाचण्याचें शिक्षण मला मिळालेलें होतें. दार उघडें राहिलें म्हणून चोरी माफ होत नाहीं. मग दार उघडें असल्याचें पाहून आपली पेटी तेवढी आंत घेणाऱ्या शेजाऱ्यास तरी निर्दोष कसें म्हणावें?

दुसरा आक्षेप फार गंभीर आहे. संशय खोटा ठरला तर? १८१४ च्या त्याच प्रकरणांत लॉर्ड कॉक्रेन ह्या नामांकित आरमारी सेनानीस शिक्षा झाली. त्या दिवशीं त्याचे रोखे नफ्यांत विकले गेले होते आणि तो वेषधारी मनुष्य त्याच्या घरीं येऊन गेला होता. त्याची पार्लमेंटांतून हकालपट्टी झाली, मानचिन्हें काढून घेतलीं गेलीं. परंतु त्याच्या मतदारांनीं त्याला लगेच पुन्हां निवडून दिलें, आणि १८३२ मध्यें राजानें त्याला माफी दिली. तो खरोखर दोषी होता कीं नाहीं, ह्याविषयीं इतिहासकारांचें अद्याप एकमत नाहीं. न्यायालयापुढें पुरावा मांडून झालेल्या निर्णयाची ही कथा. मग चार वाक्यें वाचून बनलेल्या ग्रहाची काय कथा सांगावी? एका प्रामाणिक कारखानदाराविषयीं अफवा उठली, तर शेअर पडतो, बँक हात आंखडते आणि कामगारांच्या चुली विझतात. क्लिफर्ड ह्या इंग्रज गणितज्ञानें १८७७ मध्यें लिहिलेल्या निबंधांत, अपुऱ्या पुराव्यावर विश्वास ठेवणें हा समाजाचा अपराध आहे, असें प्रतिपादिलें आहे. हा नियम दुधारी आहे. कंपनीची स्तुति तपासून घ्यावी असें तो सांगतो. तसेंच तिची निंदाही तपासून घ्यावी असें सांगतो. शिवाय भाव पाडून स्वस्तांत घेण्याकरितां अथवा आधीं मंदीचा सौदा करून मग बदनामी करण्याकरितां उठविलेली खोटी हांकाटी, हीदेखील त्याच लबाडीची दुसरी बाजू आहे.

परंतु ह्या आक्षेपानें काय सिद्ध होतें, तें बारकाईनें पाहिलें पाहिजे. खात्री नसतां आरोप करूं नये, एवढेंच त्यानें सिद्ध होतें. संशय सांगूं नये हें सिद्ध होत नाहीं. संशय आणि आरोप ह्या निरनिराळ्या गोष्टी आहेत. 'अमुक मनुष्य चोर आहे' हा निकाल आहे, आणि तो देण्याचा अधिकार मला नाहीं. 'ह्या पानावर विक्री दुप्पट आहे, त्या पानावर रोख रक्कम नाहीं, आणि ह्याचा मेळ मला लागत नाहीं' ही साक्ष आहे, आणि ती देण्याचा अधिकार प्रत्येक डोळसास आहे. मिल्लनें आपल्या स्वातंत्र्यावरील ग्रंथांत धान्याच्या व्यापाऱ्यांचें उदाहरण घेतलें आहे. व्यापारी गरिबांस उपाशी मारतात, हें मत छापून प्रसिद्ध करण्यास त्याची आडकाठी नाहीं; परंतु व्यापाऱ्याच्या दारांत जमलेल्या खवळलेल्या जमावापुढें तेंच मत मांडणें तो दंडनीय समजतो. शब्द तेच असले तरी स्थळ आणि ऐकणारा बदलला कीं कृत्य बदलतें. संशय जमावास सांगणें आणि तपास करणाऱ्यास सांगणें, ह्यांत हेंच अंतर आहे. तपास करणाऱ्याकडे गेलेला संशय खरा निघाला तर लोक वांचतात. खोटा निघाला तर बहुधा कोणाची अब्रू न जातां तो मिटतो.

ह्यावर तिसरा आक्षेप येतो: तपास करणें हें ज्यांचें काम आहे त्यांना पगार मिळतो; ते पाहून घेतील. ह्या विश्वासाची किंमत अमेरिकेनें मोजली आहे. बॉस्टनमधील हॅरी मार्कोपोलोस ह्या गुंतवणूक-विश्लेषकानें बर्नार्ड मेडॉफच्या व्यवहारांत गणित जुळत नाहीं, हें तेथील सेक्युरिटीज कमिशनला २००० सालीं प्रथम कळविलें. मेडॉफ म्हणतो तेवढे सौदे करावयास बाजारांत तितकीं ऑप्शन्सच नाहींत, हा त्याचा एक मुद्दा कोणत्याही कारकुनास पडताळून पाहतां आला असता. पुढें २००१ मध्यें आणि पुन्हां २००५ मध्यें सविस्तर टिपण देऊन त्यानें तेंच सांगितलें. मेडॉफ पकडला गेला तो डिसेंबर २००८ मध्यें, आणि तोही त्या टिपणांमुळें नव्हे. तोंपर्यंत लोकांच्या खात्यांवर कागदोपत्रीं दिसणारी रक्कम सुमारें ६५ अब्ज डॉलरांपर्यंत गेली होती. जर्मनींत तर ह्याहून विपरीत घडलें. वायरकार्ड कंपनीच्या हिशेबांविषयीं फायनान्शियल टाइम्सनें लेख छापले, तेव्हां तेथील नियामक संस्थेनें २०१९ मध्यें त्या पत्रकारांविरुद्धच फौजदारी तक्रार केली. आणि जून २०२० मध्यें कंपनीच्या पुस्तकांतील १.९ अब्ज युरो अस्तित्वांतच नसल्याचें निष्पन्न होऊन तिचें दिवाळें निघालें.

ह्यावरून कोणी म्हणेल कीं, सांगून उपयोग नाहीं, म्हणून सांगूं नये. मला हें अनुमान मान्य नाहीं. साक्षीदाराचें कर्तव्य साक्ष देण्यापुरतें असतें. न्यायाधीश झोंपला तर पापाचा अर्धा भाग त्याचा, ही वांटणी कश्यपानें आधींच करून ठेवली आहे. शिवाय सांगितलेलें सर्वच वायां जातें असेंही नाहीं. २३ एप्रिल १९९२ रोजीं सुचेता दलाल ह्यांनीं स्टेट बँकेच्या रोखे-व्यवहारांतील सुमारें ५०० कोटींच्या भानगडीची बातमी टाइम्स ऑफ इंडियांत दिली, आणि हर्षद मेहताच्या नांवानें ओळखलें जाणारें सारें प्रकरण उलगडत गेलें. वरिष्ठ ऐकत नाहींत असें दिसून आल्यावर पुराव्यानिशीं लोकांपुढें जावयाची वाट मोकळी आहेच. परंतु ती दुसरी पायरी आहे, पहिली नव्हे; आणि तिच्यावर चढणाऱ्याच्या हातांत कागद असले पाहिजेत.

आतां माझ्या स्वतःच्या प्रश्नाकडे वळतों. कारण माझें मौन हें निव्वळ मौन नव्हतें. सिसरोनें कर्तव्यावरील आपल्या ग्रंथाच्या तिसऱ्या भागांत एक प्रश्न मांडला आहे. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ आहे. अलेक्झांड्रियाहून एक व्यापारी धान्याचें जहाज घेऊन तेथें पोंचला आहे. मागून आणखी जहाजें येत आहेत, हें त्यानें वाटेंत पाहिलें आहे. तें लोकांस सांगून त्यानें योग्य भावानें विकावें, कीं गप्प राहून चढत्या भावानें विकावें? डायोजेनीस हा तत्त्ववेत्ता म्हणतो, न सांगणें म्हणजे लपविणें नव्हे. अँटिपेटर म्हणतो, आपण सारे एका समाजाचे घटक असतां ही लपवाछपवी कशी शोभेल? सिसरोनें निर्णय दिला तो असा कीं, प्रत्येक मौन म्हणजे लपविणें नव्हे हें खरें. परंतु जें कळण्यांत दुसऱ्याचें हित आहे, तें आपल्या नफ्यासाठीं त्याला कळूं न देणें हें मात्र लपविणेंच होय. हा परिच्छेद मीं वर्गांत कित्येक वर्षें शिकविला आहे. सोमवारीं सकाळीं विक्रीचें बटण दाबतांना तो मला आठवला नाहीं. माझे पांचशें शेअर कोणी तरी घेतलेच असतील. तो मनुष्य कोण, हें मला कधींच कळणार नाहीं. आणि माझ्या खात्यावर जमलेल्या नफ्यांत त्याचा पैसा आहे, हें मात्र मला नक्की माहीत आहे. शांतिपर्वांतील तुलाधार वाण्यानें जाजलि ऋषीस सांगितलें कीं, माझी तराजू सर्व भूतांस सारखी आहे. त्या दिवशींची माझी तराजू सारखी नव्हती.

तेव्हां संशय सांगण्याचा आचार कसा असावा? मला सुचतें तें असें. जें डोळ्यांनीं पाहिलें तें आणि त्यावरून जें अनुमान केलें तें, हीं दोन्ही वेगवेगळीं लिहावीं. त्या शेअरांत आपला स्वार्थ असेल तर तो पहिल्याच ओळींत उघड करावा. मग तो तेजीचा असो वा मंदीचा. तपासाचा अधिकार ज्यांस आहे त्यांच्याकडे प्रथम जावें. सेबीच्या २००३ च्या नियमांनीं दिशाभूल करणारी माहिती पसरवून लोकांस खरेदीविक्रीस प्रवृत्त करणें हें कपटांत धरलें आहे, आणि २०११ पासून तक्रार घरबसल्या नोंदवितां येते. आपले स्नेही त्यांत गुंतलेले असतील, तर त्यांना निदान एवढें सांगावें कीं, मला शंका आली आहे, हीं पानें तुम्हीही वाचा. आणि ह्यांतील कांहीं तरी स्वतः विकण्याच्या आधीं करावें, नंतर नव्हे.

नांव न देतां सांगावें कीं नाहीं, ह्याविषयीं मतभेद होण्याजोगे आहेत. ज्याची नोकरी त्या कंपनींत आहे, त्यानें नांव झांकून ठेवलें तर त्यास भ्याड म्हणण्याचा अधिकार सुरक्षित खुर्चींत बसलेल्या आम्हांस नाहीं. आंतल्या माहितीवर होणाऱ्या सौद्यांची खबर देणाऱ्याचें नांव गुप्त ठेवण्याची आणि त्यास बक्षीस देण्याचीही तरतूद सेबीनें २०१९ मध्यें केली, ती ह्याच विचारानें. बक्षीसाच्या आशेनें दिलेली साक्ष हलकी ठरते असेंही मला वाटत नाहीं. मार्कोपोलोस ह्या शोधाकडे वळला तो प्रतिस्पर्ध्याच्या नफ्याचें रहस्य काढण्याचें काम त्याच्या पेढीनें त्याला दिलें म्हणून. पण त्यामुळें त्याचें गणित चुकलें नाहीं. हेतु साक्षीदाराचा तपासावा. पुरावा पुराव्याच्या जागीं तपासावा. मात्र अधिकाऱ्यापाशीं नांव देणें आणि गर्दींत नांव झांकणें ह्यांत मी फरक करीन. ज्याला कोठेंच उत्तरदायी व्हावयाचें नाहीं, त्याच्या हांकेंत आणि त्या ऑपरेटरच्या आवईंत बाहेरून पाहणाऱ्यास कांहीं भेद दिसत नाहीं.

रस्त्यांतल्या त्या भेटीनंतर आठ दिवसांनीं मी ग्रंथपालांच्या घरीं गेलों. आपण शेअर केव्हां विकले, कां विकले आणि कोणास कां सांगितलें नाहीं, हें सर्व त्यांना सांगितलें. ते बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग म्हणाले, "सर, विकलेत ह्याचें वाईट वाटत नाहीं. पण माझ्या टेबलावर पुस्तक परत करावयास येणारीं मुलेंसुद्धां सांगत, कीं ह्यांतलीं दोन पानें फाटलेलीं आहेत, पुढच्याला देतांना पाहा." मीं त्यांना माझा नफा देऊं केला, त्यांनीं तो घेतला नाहीं. मात्र तो अहवाल आणि ते चार संदेश घेऊन आम्ही दोघे त्याच दुपारीं त्यांच्या संगणकापुढें बसलों आणि तक्रार लिहून काढली. माझे शेअर मीं कोणत्या दिवशीं आणि काय भावानें विकले, हें तिच्या पहिल्या परिच्छेदांतच आहे. तक्रार पोंचल्याचें उत्तर आलें आहे. पुढें काय होईल तें होईल. आमच्या ग्रुपवरही मीं तेवढाच मजकूर घातला. दोघांनीं आभार मानले, एकानें 'आतां सांगून काय उपयोग' असें विचारलें, आणि ज्यांना कोणीं पाहिलें नव्हतें ते पांचसहा जण त्या रात्रींच ग्रुपांतून निघून गेले.